पिल्लूचा डेस्कटॉप

सोसायटीचा वार्षिक अहवाल कोणी वाचत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी सप्टेंबरात आमच्याकडे कोथरूडला येऊन राहावं. आमच्या तीन इमारतींत बँकेतून निवृत्त झालेले, डिफेन्स अकाउंट्समधून निवृत्त झालेले आणि कुठूनच निवृत्त न होता पूर्णवेळ मोकळे असलेले सभासद भरपूर आहेत. सकाळी अहवाल दाराच्या फटीतून आत सरकवला की दुपारच्या चहापर्यंत त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा झालेल्या असतात. ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, विरामचिन्हं तपासतात आणि बेरजा तर वरून खाली करून झाल्या की खालून वर करून बघतात.

हे लिहायचं काम माझ्याकडे आलं ते नोकरीमुळे. मी टेक्निकल रायटर आहे, म्हणजे यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. नेमकं काय करतेस, असं कमिटीने विचारल्यावर मी म्हणाले, "दिवसभर वर्डमध्येच असते." चेअरमन म्हणाले, "मग झालं तर!" आणि माझी निवड बिनविरोध झाली. आमच्याकडे कमिटीवरच्या सगळ्याच निवडी बिनविरोध होतात. विरोध नंतर सुरू होतो.

अहवाल वर्डमध्ये आणि आकडे एक्सेलमध्ये, ही आता सगळीकडचीच रीत. आमच्याकडे अडचण एवढीच की वर्ड माझ्या ताब्यात आणि एक्सेल खजिनदार काकांच्या. लेखापरीक्षित ताळेबंदाला कोणी हात लावत नाही, तो सीएंकडून सही-शिक्क्यानिशी येतो. पण त्याच्या आधी जोडायचे तक्ते, म्हणजे पाण्याचा खर्च, थकबाकी, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, हे काकांचं राज्य. काका पंच्याहत्तरीचे, हाताचे स्वच्छ आणि 'फायनल' या कल्पनेचे कट्टर विरोधक. "अगं, हिशोब जिवंत असतो," म्हणतात. रात्री साडेअकराला त्यांना आठवतं की मे महिन्यातल्या एका टँकरचं बिल एप्रिलमध्ये पडलंय. ते उठतात, लॅपटॉप उघडतात, टँकर उचलून मेमध्ये ठेवतात आणि शांत झोपतात. माझ्या वर्डमधल्या तक्त्यात मात्र तो टँकर एप्रिलमध्येच उभा असतो. तिथे तो लाल पेन्सिलीला सापडतो.

टँकर हा आमच्याकडे नाजूक विषय आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाशी असताना आपण टँकर का मागवतो, हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो आणि दर वर्षी त्याचं उत्तर 'बघू' असं मिळतं. म्हणून काकांनी टँकरचा आलेख काढला. बारा महिन्यांचे स्तंभ, निळा म्हणजे महापालिकेचं पाणी, नारिंगी म्हणजे टँकर. आणि खाली स्वतःच्या हाताने टीप लिहिली, "सभासदांनी नारिंगी स्तंभ लक्षपूर्वक पाहावेत."

तो आलेख वर्डमध्ये आणला आणि नारिंगी स्तंभ नाहीसे झाले. एक्सेलमधून आलेख उचलून वर्डमध्ये नुसता कंट्रोल-व्ही केला, की वर्ड आपल्या मनाने त्याला स्वतःच्या रंगसंगतीचे कपडे घालतं. आमच्या अहवालाचा साचा चेअरमननी त्यांच्या जुन्या कंपनीतून आणलेला, सगळा हिरवा. त्यामुळे महापालिकेचं पाणी गडद हिरवं आणि टँकर पोपटी. मूळचे रंग ठेवायचे तर चिकटवल्यावर कोपऱ्यात जी बारकी चौकट उगवते तीत जाऊन 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडावं लागतं. ते निवडून नारिंगी परत आणलं, तर चेअरमन म्हणाले, "पण हिरवं बरं दिसत होतं."

रंगांचं एक वेळ सोडा. खरी मारामारी आकड्यांची होती, आणि तिच्यावरचं औषध तसं जुनं आहे. मायक्रोसॉफ्टने १९९० साली ओएलई नावाची सोय आणली. लांबलचक नाव ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग. तक्ता किंवा आलेख एक्सेलमधून वर्डमध्ये नेताना दोन वाटा असतात. लिंक केलं तर आकडे एक्सेलच्या फाइलमध्येच राहतात आणि वर्डमध्ये फक्त त्यांचा पत्ता व शेवटचं दिसलेलं रूप नोंदवलेलं असतं. तिकडे बदल झाला की इकडे ताजं करून घेता येतं. एम्बेड केलं तर एक्सेलची अख्खी प्रत वर्डच्या पोटात जाऊन बसते आणि मूळ फाइलशी तिचा संबंध संपतो. तिसरी वाट म्हणजे सरळ चित्र म्हणून चिकटवणे, पण ती मला तेव्हा कमीपणाची वाटायची. एका आकड्याला एकच घर असावं, या मताची मी आहे. तोच आकडा दोन ठिकाणी लिहिला की भांडण ठरलेलं, मग ते वर्ड असो की वाटणीपत्र.

तेव्हा लिंक. अहवालाची फाइल काकांच्याच लॅपटॉपवर नेली, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून पेस्ट स्पेशल, पेस्ट लिंक करत एकेक तक्ता जोडला. काकूंनी पोहे दिले. काकांनी खात्री करून घ्यायला एक टँकर मेमधून जूनमध्ये ढकलला, मी वर्डमध्ये तक्त्यावर उभी राहून एफ-९ दाबलं, आणि टँकर जूनमध्ये गेला. काकांनी तो परत आणला, परत पाठवला. काकूंना हाक मारून दाखवला. त्या म्हणाल्या, "यात एवढं काय? मी फोनवर सांगितलं की गॅसवालापण येतो."

मग मी ऑल्ट-एफ-९ दाबलं. त्याने तक्त्यांचा बुरखा निघतो आणि आत नेमकं काय लिहिलंय ते दिसतं. महिरपी कंसात आधी 'लिंक', मग 'एक्सेल डॉट शीट डॉट ट्वेल्व्ह', आणि मग त्या फाइलचा पूर्ण पत्ता. सी ड्राइव्ह, युजर्स, पिल्लू, डेस्कटॉप, न्यू फोल्डर, त्यात न्यू फोल्डर (२), आणि त्यात 'हिशोब फायनल खरा नवीन'. लॅपटॉप नातवाने चालू करून दिलेला. नाव विचारल्यावर त्याने स्वतःचं घरातलं नाव टाकलेलं. म्हणजे आमच्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सिंकिंग फंड, ज्यात उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के रक्कम जमा व्हावी लागते, तो कायदेशीररीत्या पिल्लूच्या डेस्कटॉपवर होता.

पत्ता असा पूर्ण असतो, हीच लिंकची गोम. फाइलचं नाव बदललं, फोल्डर हलवला, की लिंक बिचारी जुन्याच दारात उभी राहते. म्हणून मी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून ती लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवली: "छापायला देताना पीडीएफ करूनच द्यावे." काकांनी ती वाचली. चेअरमननी वाचली नाही. त्यांनी सकाळी फिरून येताना काकांकडून पेनड्राइव्हवर वर्डचीच फाइल घेतली आणि थेट अप्पा बळवंत चौक गाठला. कोथरूडमध्ये पावलापावलावर झेरॉक्सची दुकानं असताना अप्पा बळवंत चौक कशाला, असं कोणी विचारेल. तिथला त्यांच्या ओळखीचा माणूस पानामागे दहा पैसे कमी घेतो. रिक्षाचे पैसे सोसायटीच्या खात्यातून गेले.

दुकानातल्या संगणकावर 'छापण्याआधी जोडलेली माहिती ताजी करावी' या पर्यायासमोर बरोबरची खूण होती. वर्डने आज्ञाधारकपणे छापण्याआधी पिल्लूचा डेस्कटॉप अप्पा बळवंत चौकात शोधला. तो तिथे नव्हता. आलेख होते तसे राहिले, पण मजकूर म्हणून जोडलेल्या प्रत्येक तक्त्याच्या जागी ठळक इंग्रजीत एकच ओळ उमटली, "एरर! नॉट अ व्हॅलिड लिंक." पाण्याचा खर्च: एरर. थकबाकी: एरर. अंदाजपत्रक: एरर. सगळ्या सभासदांपुरत्या प्रती निघाल्या, स्टेपल झाल्या, आणि चेअरमननी कागद बघितले ते घरी आल्यावर. त्यांचं म्हणणं पडलं, हे दुकानदाराने लिहिलंय.

सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते आणि सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे फार रागवायला वेळ नव्हता. मी पीडीएफ करून दिली, कर्वे रस्त्यावर पुन्हा छापून आणली, वाटली. लाल पेन्सिली परजल्या गेल्या. आणि सभेत, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे स्थिरावल्यावर डिफेन्स अकाउंट्सवाले काका उठून उभे राहिले.

"पान सात," ते म्हणाले. "एकूण कुठे गेलं?"

पान सातवर खरंच 'एकूण' नव्हतं. रक्कम चुकलेली नव्हती, ती ओळच गायब होती. झालं होतं असं की लिंकच्या पत्त्यात फाइलनंतर रांग आणि स्तंभ यांचे क्रमांक असतात, चौथ्या रांगेपासून अठराव्या रांगेपर्यंत असे. वर्ड तेवढंच उचलतं. मी पीडीएफ करण्याच्या आदल्या रात्री काकांनी वरच्या अंगाला 'गणेशोत्सव वर्गणी' अशी एक नवी रांग घातली होती. सगळा तक्ता एक पायरी खाली सरकला आणि 'एकूण' एकोणिसाव्या रांगेत, म्हणजे वर्डच्या हद्दीबाहेर गेलं. सरकली होती एकच रांग, पण सभागृहाच्या दृष्टीने सोसायटीचं 'एकूण' गहाळ होतं.

यावर इलाज आहे. एक्सेलमध्ये त्या भागाला एक नाव देऊन टाकायचं आणि लिंक त्या नावाशी जोडायची. मग मध्ये कितीही रांगा घाला, नावाबरोबर हद्द वाढते. हे मी पोहे खातानाच सुचवलं होतं. तेव्हा काका म्हणाले होते, "आकड्यांना कशाला नावं ठेवायची?"

त्या सभेचा बाकीचा वेळ एका स्वल्पविरामात गेला. एक्सेलची फाइल चेअरमनच्या लॅपटॉपवर नेऊन तक्ता तिथून पुन्हा जोडल्यावर काही रकमा अमेरिकन पद्धतीने तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देऊन आल्या होत्या, कारण ते विंडोजमध्ये निवडलेल्या देशावर ठरतं आणि त्यांची विंडोज त्यांच्या मुलाने ह्यूस्टनहून आणलेली. '१,२४५,३०० म्हणजे साडेबारा लाख की सव्वा कोटी' यावर दोन्ही बाजूंनी मतं आली.

पुढच्या वर्षी काकांनी मला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. लिंकचा पत्ता हरवतो ना, मग फाइलच आत घालून टाकू, या विचाराने त्यांनी सगळे तक्ते आणि आलेख स्वतःच एम्बेड केले. पत्ता नाही, पिल्लू नाही, एरर नाही. अहवाल सुंदर दिसत होता. फक्त फाइल इतकी फुगली की व्हॉट्सअ‍ॅपवर चढायला तिला बराच वेळ लागला. हो, व्हॉट्सअ‍ॅपवर. पीडीएफमध्ये अक्षर मोठं करता येत नाही असा काकांचा समज असल्याने त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर वर्डचीच फाइल टाकली.

एम्बेड करणं म्हणजे एकट्याला जेवायला बोलवावं आणि त्याने सगळं खटलं घेऊन यावं, तसं असतं. तुम्हाला वाटतं आपण चार ओळींचा तक्ता चिकटवला. प्रत्यक्षात त्या तक्त्यामागे अख्खं वर्कबुक येतं, सगळ्या शीट्ससकट. तक्त्यावर डबल क्लिक केलं की खाली शीट्सच्या चकत्या उघड्या पडतात. तेही जमत नसेल तर वर्डच्या फाइलचं डॉक्स हे शेपूट काढून तिथे झिप लिहावं. ती तशीही झिपच असते. उघडलं की आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'एम्बेडिंग्ज', आणि त्यात काकांचं अख्खं एक्सेल नांदताना दिसतं. हे सगळं आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला ठाऊक होतं. त्याने थकबाकीच्या तक्त्यावर डबल क्लिक केलं.

काकांच्या वर्कबुकमध्ये 'शेरे' नावाची शीट होती. प्रत्येक फ्लॅटसमोर एक शेरा, वर्षानुवर्षांच्या वसुलीच्या अनुभवातून आलेला. त्या मुलाने फोटो काढून ग्रुपवर टाकला म्हणून मला पाठ आहे.

बी ४: सांगितले की देतो.
बी ६: सांगितले तरी देत नाही.
ए २: चेक वेळेवर, सही विसरतो. मुद्दाम असावे.
सी १: वाद घालतो. मुद्दा बरोबर असतो.
सी ७: काकूंना भेटावे. चहा चांगला.

आणि आमचा ए ९: नवऱ्याशी बोलू नये, हिच्याशी बोलावे.

आमच्या घरी संध्याकाळभर शांतता होती. नवऱ्याने एकदाच विचारलं, "'बोलू नये' म्हणजे काय?" आणि मी म्हणाले की उत्तर शेऱ्यातच आहे. ग्रुपवर मात्र रात्रभर पूर आला. सी १वाल्यांनी आपल्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट डीपीला लावला. बी ६ ग्रुप सोडून गेले, त्यांना परत घेतलं, ते परत गेले. सी ७च्या काकू कुणालाच काही बोलल्या नाहीत, पण काकांच्या काकूंनी त्यांना जिन्यात गाठून चहात काय घालता असं विचारल्याचं कळतं. 'घरचं' नावाची आणखी एक शीट होती. तीत दळण, इस्त्री आणि पिल्लूच्या वाढदिवसाचा अंदाजित व प्रत्यक्ष खर्च होता. ती कुणी उघडली नाही असं मी काकांना सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं.

एक मात्र कबूल करायला हवं. शेऱ्यांची शीट फुटल्यापासून पंधरवड्यात जेवढी थकबाकी वसूल झाली तेवढी नोटिसांनी कधी झाली नव्हती. ए २ने चेक आणून दिला, त्यावर सही होती.

त्या वर्षीची सभा ठरल्याप्रमाणे कोरमअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि ठरल्याप्रमाणे त्याच जागी, त्याच माणसांनिशी पुन्हा सुरू झाली. पहिला ठराव अहवालात नव्हता, तो बँकवाल्या काकांनी आयत्या वेळी मांडला: यापुढे अहवालातील सर्व तक्ते व आलेख केवळ चित्र म्हणून चिकटवण्यात यावेत. चित्राला पत्ता नसतो, पोट नसतं, शेरे नसतात. टाळ्या पडल्या. मी विरोध नोंदवायला उभी राहिले, कारण चित्रात बदल होत नाही आणि काकांचा हिशोब जिवंत असतो, पण काका स्वतःच माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते, म्हणून मी बसले.

"चित्रातले आकडे दिसत नाहीत," मागून आवाज आला. "चष्मा लावूनही."

"मोठं चित्र लावा."

"मोठं केलं की फाटतं ते."

"मग आडव्या पानावर घ्या."

"आडवं पान स्टेपल कसं करणार?"

इथे तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा उठला. पोराने आधीच पुरेसं केलं होतं, पण चेअरमननी त्याला बोलू दिलं. तो म्हणाला, सगळं ऑनलाइन ठेवा ना. गूगल शीटमध्ये हिशोब, गूगल डॉकमध्ये अहवाल. शीटमधला आलेख डॉकमध्ये जोडलेला राहतो, हिशोबात बदल झाला की आलेखाच्या कोपऱ्यात 'अपडेट' असं बटण येतं, दाबलं की झालं. ना पेनड्राइव्ह, ना डेस्कटॉप, ना अप्पा बळवंत चौक.

सभा क्षणभर गप्प झाली. मलाही ते पटलं. एका आकड्याला एकच घर, आणि किल्ली सगळ्यांकडे. काकांनीही मान वर केली.

"चांगलं आहे," डिफेन्स अकाउंट्सवाले काका म्हणाले. "फक्त एवढं सांग, त्या शीटमध्ये बदल कोण कोण करू शकणार?"

"ज्यांना एडिट अ‍ॅक्सेस द्याल ते."

"मग तो मला हवा," ते म्हणाले.

"का? तुम्हालाच का?" बँकवाले उठले.

"बेरीज तपासायला."

"तपासायला बघण्यापुरता पुरे. एडिट कशाला?"

"चुकली तर?"

बी ६ त्या दिवशी कशी कोण जाणे हजर होते. ते म्हणाले, एडिट अ‍ॅक्सेस प्रत्येक फ्लॅटला एक असा द्यावा, मतदानासारखा. सी १ म्हणाले की थकबाकीदारांना मतदानाचा अधिकार आहे की नाही हे आधी तपासा. त्यांचा मुद्दा बरोबर होता. मग दोन फ्लॅट एकत्र केलेल्यांना एक की दोन, भाडेकरूंना 'कॉमेंट' तरी देणार की नाही, आणि सहसभासदांचं काय, असं करत रात्रीचे पावणेदहा झाले, वॉचमनने पार्किंगचे अर्धे दिवे घालवले, आणि एडिट अ‍ॅक्सेसच्या वाटपासाठी पाच जणांची उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीने आपला अहवाल तीन महिन्यांत द्यायचा आहे. तो वर्डमध्ये असावा आणि सोबतचा तक्ता एक्सेलमध्ये, असं इतिवृत्तात नमूद आहे.